कॅप्टनच्या डायरीचा समास

ब्लॉटिंग पेपर जांभळा होत गेला, तेव्हाच मला कळलं की पान हातचं गेलं.

ऑकलंडच्या एका छोट्या संग्रहालयात मी जुने कागद दुरुस्त करत असे. पान होतं व्हिक्टोरिया राणीच्या आरमारातल्या एका कॅप्टनच्या डायरीचं. तरुणपणी त्याने नदीकाठच्या एका माओरी वस्तीवर तोफा डागल्या. निवृत्तीनंतर तीच डायरी काढून समासात पेन्सिलीने टिपणं लिहिली. पेन्सिल साधीच दिसत होती, पण ती कॉपिंग पेन्सिल होती. तिच्यातला जांभळा रंग पाण्यात विरघळतो. म्हणून पान धुण्याआधी अक्षरावर एक थेंब टाकून बघायचं असतं. शुक्रवारी प्रदर्शन होतं. घाईत मी थेंब टाकला तो शाईवर. पेन्सिलीवर टाकलाच नाही.

क्युरेटर जिल दारातून डोकावली. "झालं?"

"समास आधीच भिजलेला होता, वाचता येत नव्हता."

"मग रिपोर्टमध्ये तसं लिही. स्वीट ॲज." म्हणजे, चालतंय.

लिहिलं. सही केली.

दुसऱ्या दिवशी हेमी आले. सत्तरीचे, त्याच वस्तीतले. त्यांच्या पणजोबांचा भाऊ त्या माऱ्यात मेला होता. खलाशांनी त्याला कुठे पुरलं, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"किया ओरा, ब्रो! कॅप्टनने आम्हाला उडवलं आणि त्याची वही पुण्याचा माणूस धुतोय. राणीचा पसारा शेवटी आपणच आवरायचा!" ते हसले. मग हळूच म्हणाले, "पुरल्याचं काही लिहिलंय का?"

लिहिलं होतं. धुण्याआधी मी वाचलं होतं: झऱ्याच्या पूर्वेला, तीन माणसं. पण ते सांगायचं, तर रिपोर्ट खोटा ठरत होता. मी अठ्ठावन्नचा. या वयात दुसरी नोकरी कोण देणार?

"वाचता येत नाही," मी म्हणालो.

पुढे फोन वाजला की आधी नंबर बघायचो. जिलने धुण्याआधीचा फोटो मागितला. "राहिला काढायचा," म्हणालो. तेवढं खरं होतं. तिने विश्वास ठेवला.

सहा वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, मी जिलला सगळं लिहून कळवलं. हेमी त्याआधीच्याच हिवाळ्यात वारले होते. मग त्यांच्या मुलीला फोन केला.

"पप्पा शेवटपर्यंत झऱ्याच्या पश्चिमेला शोधत होते," ती म्हणाली. "आता पूर्वेला खणायचं, तर वस्तीतली सगळी विचारतील, कशावरून?"

"मी वाचलं होतं."

"पण तुमच्याच सहीच्या रिपोर्टात वाचता येत नव्हतं असं आहे."

तिथे अजून कोणी खणलेलं नाही. या कामात नव्याने येणाऱ्यांनी चूक त्याच दिवशी लिहावी. उशिरा लिहिली की ती पुरावा राहत नाही, नुसती कबुली होते.