पडद्यावरची मामींची अक्षरं

"पलट बे, पलट," असं म्हणत मामा स्वतःच मॉनिटरचा खटका फिरवायचे. दुसऱ्याला सांगायचं आणि त्याचा हात उठायच्या आत आपणच करून मोकळं व्हायचं, ही त्यांची रीत. माजलगावात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे आणि शेजारच्या गाळ्यात त्यांचा लग्नांच्या शूटिंगचा धंदा होता; सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. आता ते लेकीकडे राहायला गेलेत आणि गल्ली गपगार झालीय.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. खुर्ची दिली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहणारी. मामा नवरदेवाला "हस की" म्हणायचे आणि तो हसेपर्यंत कॅमेरा जेवणाच्या पंगतीकडे गेलेला असायचा. तालुक्यातल्या कित्येक कॅसेटींत नवरदेव गंभीरच आहेत.

कॅसेटच्या सुरुवातीला येणारी वधूवरांची नावं मात्र सुरेख असत. ती मामींची करामत. मामांनी कुठूनसा एक जुना घरगुती कॉम्प्युटर मिळवला होता, पण त्यात मराठी नव्हतं. मामींनी एकेक अक्षर चित्रासारखं काढलं, त्यांचा तक्ता केला आणि मशीन लावलं की तो आपोआप उघडेल अशी सोयही करून ठेवली. त्यातून अक्षरं उचलायची आणि नावं जुळवायची.

मशीनचं मूळचं चित्र जाडंभरडं, म्हणून मामांनी त्यात ग्राफिक्स कार्ड बसवलं. तेव्हापासून चित्रं दोन आणि मॉनिटर एक. सुरुवातीची इंग्रजी ओळ जुन्या सॉकेटातून यायची, तक्ता कार्डातून. मध्ये खटक्याची डबी, खटका ज्या बाजूला त्या बाजूचं चित्र मॉनिटरवर. ओळ दिसली की खटका पलटायचा आणि तक्ता येईपर्यंत थांबायचं. पलटायचं काम मामांकडे होतं, थांबायचं मामींकडे.

मामी गेल्या. पुढं वर्षभरात नातीचं लग्न ठरलं आणि मामांनी ध्यास घेतला, मांडवाच्या कमानीवर पोरीचं नाव मामींच्या अक्षरातच लागलं पाहिजे. मशीन उचलून माझ्या दुकानात आणलं. त्यांचा जुना काचेचा मॉनिटर जळाला होता, म्हणून माझा चपटा जोडला. ओळ दिसली, खटका पलटला, पडदा काळा. परत पलट, परत काळा. मी कार्ड काढलं, त्याच्या पट्ट्या खोडरबरनं घासल्या, पुन्हा बसवलं. रोज हेच. पत्रिका वाटून झाल्या तरी पडदा काळाच.

"मेलं रे कार्ड," मामा म्हणाले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

तरी जीव राहवेना. दुपारी परत मशीन लावलं. मामांनी खटका पलटला आणि तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन आली. आमच्याकडं चहा बशीतच ओतून पितात. एका हातात कप, दुसऱ्या हातात बशी. चहा कढत होता, मामा फुंकर घालत राहिले, आणि पडदा उजळला.

कार्ड ठणठणीत होतं. चपट्या मॉनिटरला नवं चित्र ओळखायला अंमळ वेळ लागतो आणि तेवढ्यात मामा दर वेळी खटका परत फिरवत होते. मी हसायला लागलो होतो, पण मग त्यांच्याकडं पाहिलं. ते तक्ता बघत होते. बशीतला चहा तसाच निवला.

"मी कदी शेजारी बसून बघितलंच न्हाई रे, ती कशी काढायची ते," मामा म्हणाले. "निसतं झालं का, झालं का, म्हणत ऱ्हायलो."

मी मोबाइलवर तक्त्याचा फोटो काढला, अक्षरं जुळवली आणि कमानीचा फ्लेक्स छापला. लग्नात पोरं विचारत होती, हा फाँट कुठला. मामा ज्याला त्याला सांगत होते, आमच्या घरातला.

लग्न उरकलं की फ्लेक्सचं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुणाच्या गोठ्यावर, नाहीतर कडब्याच्या गंजीवर. मांडववाल्यानं दोऱ्या कापल्या आणि तो दुमडायला घेतला तसे मामा गर्दीतून धावत आले.

"नावावर घडी नगं घालू."

त्यांनी फ्लेक्स जमिनीवर पसरायला लावला. तिकडं नवरी गाडीत बसली होती, वरात खोळंबली होती, नवरीचा बाप, म्हणजे मामांचा जावई, हाकांवर हाका मारत होता. मामा गुडघे टेकून एकेक अक्षर तळहातानं सपाट करत होते आणि सावकाश, कडेला कड जुळवत, फ्लेक्स गुंडाळत होते.