बिनफोडणीचं सार

जर्मनीत तेव्हा आमसूल मिळायचं नाही. आता सगळंच मिळतं म्हणे. मी सांगतेय ती साठ सालानंतरची हॅनोव्हरची गोष्ट. हे तिथे पीएच.डी.ला गेले आणि नोकरीत राहिले. मी मागाहून गेले. मिळत नव्हतं पुष्कळ, पण लोणी! तसं लोणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी ते कढवून तूप करायची, आणि एकट्यानं उकडलेल्या बटाट्यांवर वर्षं काढलेला हा माणूस भातावर, वरणावर, नुसत्या पावावरसुद्धा तूप ओतून घ्यायचा.

मग एकदा जिना चढताना यांच्या छातीत धरलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, कोलेस्टेरिन फार वाढलंय, हृदय थकलंय. लोणी बंद, अंडी बंद. चाळिशीसुद्धा उलटली नव्हती हो यांची. घरी आल्याबरोबर मी तुपाचा भरलेला डबा उचलला आणि वरच्या मजल्यावर देऊन आले. डोळ्यांसमोर नको म्हणून.

वर एक म्हातारे चिनी गृहस्थ राहायचे, स्टेशनजवळच्या खाणावळीत आचारी होते. आम्ही त्यांना ओपा म्हणायचो, म्हणजे आजोबा. त्यांचं जर्मन माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं छान जमायचं. मी डबा पुढे केला, छातीवर हात ठेवून दाखवलं आणि रडले. त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी ते कागदाची मोठी पुडी घेऊन खाली आले. आत वाळलेल्या लालसर चकत्या. ‘शानझा’ म्हणाले. रक्तात चरबी झाली की त्यांच्याकडे या फळाचा काढा देतात. यांनी पुडी डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, हृदयासाठी देतात त्या आमच्या वाइसडोर्नच्या झुडपाचं भावंड दिसतंय, घ्या हवं तर. पण माझ्या गोळ्या सोडू नका.

काढा केला. यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मी चाखला. आंबट! अगदी आमसूल नव्हे, पण त्याच्या शेजारच्या गावचा. मग काय, मीठ घातलं, चिमूट साखर, भाजल्या जिऱ्याची पूड. झालं की सार!

“अगं, फोडणी? चमचाभर तुपाची?”

“नाही.”

“अर्धा चमचा?”

“अहो, औषध आहे ते.”

“औषध म्हणून चमचाभर म्हणतोय. सार म्हणून मागितलं असतं तर पळीभर मागितलं असतं!”

ओपा तिथेच बसले होते. मराठी कुठलं कळायला, पण बोट नाचवून म्हणाले, “नाइन, नाइन! फेट!” नाही, नाही! चरबी! हे मला म्हणाले, “माझ्या सासूबाई वरच्या मजल्यावर राहतात हे मला माहीतच नव्हतं.”

मग रोज संध्याकाळी तेच. वाटी पुढे ठेवली की यांची भुवई वर.

“आज?”

“बरे झालात की.”

“बरा झालो की पळीभर?”

“वाटीभर.”

हिवाळा सरता सरता डॉक्टर म्हणाले, रक्त सुधारतंय. सारामुळे की लोणी सोडल्यामुळे, देव जाणे. आम्ही तिघं हसत सुटलो होतो त्या दिवशी. अजून थोडे दिवस, मी म्हटलं. यांनीही मान डोलावली.

झाडांना पानं फुटत होती तेव्हा. हे कामाला निघाले, ट्रामच्या थांब्यावर बाकावर टेकले, आणि उठलेच नाहीत.

तेराव्याला परक्या देशात भटजी कुठला? मी आपली यांच्या आवडीचं करत बसले. पुडीत उरलेल्या चकत्या उकळल्या, सार केलं. दार वाजलं. ओपा होते, हातात माझा तुपाचा डबा. झाकण उघडलं तर दिला होता तसाच भरलेला, बोटसुद्धा लागलेलं नाही.

“फ्युअर इन,” म्हणाले. त्यांच्यासाठी. बरे झाल्यावर द्यायचा म्हणून खिडकीबाहेर थंडीत जपून ठेवला होता त्यांनी.

मी तूप तापवलं. जिरं तडतडलं. पळीभर नाही, कबूल केलं होतं तसं वाटीभर ओतलं सारावर. यांच्या जागेवर ठेवलं. ओपा शेजारी उभे होते. फेट म्हणाले नाहीत.

वरचा तुपाचा थर हळूहळू थिजत गेला, आणि आम्ही दोघं तो बघत बसलो.