ताईचे शब्द संपले

लॉन्ड्रीवाल्या ताईच्या तोंडाला लागायचं नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तरी रोज संध्याकाळी पोरंपोरी मुद्दाम तिच्या तोंडाला लागायला लॉन्ड्रीमागच्या हॉलवर जमत. आधी फुटबॉल, मग खरा खेळ. एकाला मधे उभं करायचं आणि ताईने हात धुऊन त्याच्या मागे लागायचं. "ओढ रे एक झुरका! एकाने काय मरतोस? का आईला विचारून येतोस?" बाकीच्यांनी फिदीफिदी हसून तिला साथ द्यायची. मधल्याने पळायचं नाही, शिवी द्यायची नाही, पोट दुखतंय असली सबबही सांगायची नाही. नको म्हणजे नको. ताईचे शब्द संपले की तो जिंकला.

हा खेळ तिने पुस्तकातून घेतला नव्हता. तिचा थोरला भाऊ कुणाचं मन न मोडणारा. दोस्तांनी पुढे केलेला ग्लास त्याला मागे सारता येत नसे. चाळिशीच्या आत गेला. तेच दोस्त दारात येऊन म्हणाले, "फार भला माणूस." तेव्हापासून 'भला माणूस' ऐकलं की ताईचं टाळकं सरकायचं.

हॉल होता सिगारेटच्या घाऊक व्यापाऱ्याचा. आजवर त्याने कधी हूं की चूं केलं नव्हतं. पोरांचा फुटबॉलचा सामना तोंडावर आला तसं त्याने ताईला बोलावून शर्टांचं गाठोडं पुढे सरकवलं. प्रत्येक छातीवर त्याच्या नव्या सिगारेटचं नाव.

"पोरांना हे घालू द्या ताई, हॉल तुमचाच. नाहीतर मला गोदामाला जागा कमी पडतेय हो."

हॉल गेला तर पोरं पुन्हा कोपऱ्यावरच्या पान-सिगारेटच्या टपरीपाशी उभी राहणार. ताई "बरं" म्हणाली.

लॉन्ड्रीत तिने शर्टांना इस्त्री केली. छापील कपडा उलटा करूनच इस्त्री करतात, त्यामुळे नाव दिसलं नाही. तेवढंच बरं वाटलं.

हॉलवर तिने गाठोडं सोडलं. "सामन्याला हे घालायचे."

पोरांतल्या लंबूने एक शर्ट उलगडला, वाचला आणि हसत सुटला. "ताई, आज कपड्यांवरून सुरुवात?"

"खेळ नाही रे हा. खरं सांगतेय."

"ते तू दरवेळी म्हणतेस," पोरींतली चिमणी म्हणाली. "नको."

"अगं, शर्टच तर आहे एक!"

"झुरकाही एकच असतो. नको."

"हॉल जाईल आपला."

"जाऊ दे." आता सगळीच रंगात आली होती. "नको, ताई, नको!"

ताईने शर्ट चिमणीपुढे धरला. "इतकं करते तुमच्यासाठी, माझं एवढंही ऐकणार नाही?" डोळे भरून आले.

चिमणीने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाली, "रडणं नवीन आहे. पण नको."

ताईने तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. शब्द संपले होते. पोरांनी टाळ्या पिटल्या, लंबूने शिट्टी मारली.

"खेळ नव्हता," ती हळूच म्हणाली. "मी हॉलवाल्या शेठना हो म्हणून आलेय."

टाळ्या विझल्या. "तू?" चिमणीने विचारलं. "का?"

हॉलसाठी, तुमच्यासाठी, टपरीपायी... कारणं जिभेवर रांग लावून उभी होती. प्रत्येक कारण खरं होतं. भावाकडेही असतीलच अशी खरी कारणं. ती खाली बसली, शर्ट एकेक घडी करून गाठोड्यात बांधू लागली. पोरंही हात लावू लागली.

व्यापारी दुकान आवरत होता. तिने गाठोडं गल्ल्यावर आदळलं.

"नको, शेठ."

"अहो, झालं काय? कुणी काही बोललं का? अक्षरं छोटी करून देऊ?"

"नको."

"निदान कारण तरी सांगाल?"

"नाही."

त्याचा चेहरा पडला, मग कडक झाला. "मग उद्यापासून हॉलला कुलूप."

"लावा," ताई म्हणाली. "आमचे बॉल आजच बाहेर काढतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, भर धंद्याच्या वेळेला तिने इस्त्रीची टेबलं ओढून भिंतीला लावली आणि मधे खेळाला जागा केली. चिमणी आणि लंबू चादरींचे ढीग फळ्यांवर चढवत होते. दारात एक गिऱ्हाईक कोट घेऊन उभं राहिलं.

"एवढा एक दाबून द्या की हो, ताई. आताच जायचंय."

"उद्या सकाळी या."

"अहो, दुकान उघडं दिसतंय!"

"उघडंच आहे," ताई म्हणाली आणि आणखी पोरं येत होती त्यांना वाट देण्यासाठी त्याला बाजूला सारलं. "पण आजपासून संध्याकाळी इथे इस्त्री होणार नाही."