कॉर्नरला आधी धावायचं कुणी

"टेबलांच्या मधून चेंडू नाचवत नेऊन दाखव," काका म्हणाले.

जर्मनीतल्या आमच्या क्लबचा उन्हाळी मेळा होता. झोमरफेस्ट. हिरवळीवर लांबलचक टेबलं, बियरचे ग्लास, सॉसेज भाजल्याचा धूर. क्लबला पैसे पुरवणारी मोठी माणसं बायकापोरांना घेऊन आलेली. आणि मधोमध मी. इस्त्रीची पँट, हातात हॉकी स्टिक. उजवा गुडघा नारळाएवढा सुजलेला. पँटच्या आत होता म्हणून कुणाला दिसत नव्हता, एवढंच.

अध्यक्ष माइकवर काहीतरी बोलले. सगळे हसले. मला त्यातला एकच शब्द कळला. इंडिया.

काका कानाशी आले. "अरे, जादूगार म्हणतायत तुला. कर की जरा. पाहुणे खूश होतील."

केलं. एका टेबलाला वळसा, दुसऱ्याला वळसा. तिसऱ्या टेबलाशी गुडघ्यानं दगा दिला. मी आडवा झालो, जाता जाता कुणाचं तरी बटाट्याचं सॅलड अंगावर घेतलं. लोकांना वाटलं हाही खेळातलाच भाग. टाळ्या पडल्या. काकाही टाळ्या वाजवत होते. वर म्हणाले, "ऊठ, ऊठ, हसून दाखव." च्यायला, मी हसून दाखवलं.

मी खडकीचा. आमच्या वस्तीत पोराला चालता यायच्या आधी स्टिक धरता येते. बाप कारखान्यात कामगार. मोडक्या स्टिकला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून शिकलो, पुढं भारताच्या शिबिरापर्यंत गेलो. तिथून जर्मनीतल्या क्लबनं उचललं. ब्राउनश्वाइगपासून गाडीनं तासाभरावरचं गाव. क्लबचं नाव सांगत नाही. नाव घेण्याइतकं प्रेम उरलेलं नाही.

मला तिथं आणलं ते काकांनी. काका पुण्याचे, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, वीस वर्षं तिकडंच. त्यांची मुलगी क्लबात खेळायची. विमानतळावर घ्यायला आले तेव्हा पहिला प्रश्न, "आडनाव काय म्हणालास?" सांगितलं. म्हणाले, "बरं बरं." हे 'बरं बरं' मला पुण्यातच ऐकून पाठ होतं. पण परक्या मुलखात मराठी बोलणारं एक माणूस भेटलं, मला तेवढंच पुरे होतं. खोटं कशाला बोलू, जीव लावला मी त्यांना. काकू डब्यात शिरा द्यायच्या. त्यांच्याकडच्या गणपतीत सगळे जमिनीवर पंगतीला बसले आणि मला मांडी घालता येईना, तेव्हा काकूंनीच खुर्ची दिली. "अहो, असू दे की त्याला वर," म्हणाल्या. काका हसून पाहुण्यांना म्हणाले, "बघा, आमचा खेळाडू सिंहासनावर." सगळे हसले. मी मान खाली घालून वरणभात गिळला.

पहिल्या मोसमात मी सेंटर हाफ होतो. म्हणजे अख्खा खेळ माझ्यातून जायचा. मागून चेंडू माझ्याकडं, माझ्याकडून पुढं. कुणी कुठं पळायचं ते मी ठरवायचं. काय तोरा होता राव! पोरं माझ्या मनगटाकडं बघत राहायची. दुसऱ्या मोसमात कृत्रिम गवतावर पाय रुतला, अंग फिरलं आणि गुडघा फिरला नाही. ऑपरेशन झालं. परत उतरलो. परत सूज. सुईनं पाणी काढायचं, इंजेक्शन घ्यायचं, खेळायचं. खेळलं की परत सूज. मग मला मधून काढून मागं बॅकला टाकलं. आणि एक नवं काम दिलं.

हॉकी न बघणाऱ्यांसाठी सांगतो. पेनल्टी कॉर्नरला समोरचा गडी जीव खाऊन चेंडू हाणतो. आपली माणसं गोलाच्या रेषेवर उभी असतात, आणि त्यातल्या एकानं चेंडू सुटल्यासुटल्या सरळ त्या हाणणाऱ्याच्या अंगावर धावत जायचं. वाट अडवायची. अडवायची म्हणजे काय? स्टिकला लागला तर स्टिकला, नाही तर गुडघ्याला, नडगीला, पोटाला. दगडासारखा चेंडू असतो तो. आधी हे काम अध्यक्षांच्या मुलाचं होतं, टोबियासचं. एकदा चेंडू त्याच्या बोटांवर बसला. त्याला दातांचा डॉक्टर व्हायचं होतं. डॉक्टरचे हात जपायला नकोत? गेनाऊ, अगदी बरोबर! ट्रेनरनं माझ्याकडं बोट केलं. माझं काय, गुडघ्यानं थोडेच दात काढतात.

राहायला क्लबहाउसच्या वरची पोटमाळ्याची खोली. खाली कपडे बदलायची जागा. जिना अरुंद, लाकडी. सकाळी मी तो बाजूला वळून आडवा उतरायचो, कठडा धरून, पायरीवर दोन्ही पाय ठेवत. खाली कुणी असलं की सरळ उतरायचं. दात आवळून. खोली क्लबची, करार क्लबचा, व्हिसा क्लबच्या करारावर. खेळलो नाही तर यातलं एकही माझं नाही. आणि खेळलो तर गुडघा माझा नाही. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मध्ये मी सुजलेला पाय खुर्चीवर टाकून बसलेला. खिडकीतून मैदान दिसायचं. तुरुंगातल्या माणसाला निदान फाटकाबाहेरचं दिसतं, मला तेच मैदान.

ऑपरेशननंतर बरेच महिने मला मैदान बंद होतं, तेव्हा मी संध्याकाळच्या जर्मन वर्गाला नाव घातलं. काकांना सांगितलं तर ते हसले. "तुला कशाला रे हवंय जर्मन? मी आहे ना."

मी आहे ना. डॉक्टरकडं काका. परदेशी लोकांच्या कचेरीत काका. ट्रेनर ओरडला की काका. माझं तोंड त्यांच्याकडं गहाण. पण वर्गाला जात राहिलो. तुर्की बायका, पोलंडचे गवंडी आणि मी. बाई रोज एकेकाला उठवून विचारायच्या, तुम्हाला काय होतंय, कुठं दुखतंय. डॉक्टरकडं गेल्यावर बोलायचे धडे होते ते. मला ते धडे फार लवकर यायला लागले. दुखणं घरचंच होतं.

त्या वसंतात, फुटबॉलचा वर्ल्डकप त्यांच्याकडं यायच्या आदल्या वर्षी, आमचा संघ खालच्या गटात घसरायला आला होता. रविवारचा सामना जिंकलाच पाहिजे. शुक्रवारी काका मला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. म्हातारी, शांत बाई. मी पँट वर करून पलंगावर. तिनं गुडघा दाबला, वाकवला, फोटो उजेडासमोर धरला. आणि काकांशी बोलायला लागली. माझ्याकडं न बघता. तिच्या लेखी मला कळतच नव्हतं.

मला कळत होतं.

ती म्हणाली, कूर्चा संपली आहे. हाडावर हाड घासतंय. इंजेक्शननं दुखणं झाकलं जातं, झीज थांबत नाही. असाच धावत राहिला तर चाळिशीत कृत्रिम गुडघा बसवावा लागेल. माझा सल्ला खेळू नये असा आहे, पण निर्णय त्याचा. त्याला हे नीट सांगा.

काका माझ्याकडं वळले. चेहरा गोड. "काही नाही रे. थोडी सूज आहे म्हणतायत. इंजेक्शन घे आणि रविवारी बिनधास्त खेळ."

कानशिलं तापली. आधी वाटलं, आपलंच चुकलं असेल ऐकण्यात. वर्गातलं जर्मन ते, किती भरवसा धरायचा? म्हणून मी बाईंना सरळ विचारलं. मोडकंतोडकं, पण माझ्या तोंडानं. "मला चाळिशीत नवा गुडघा?"

तिनं चष्मा काढला. "तुम्हाला समजतं?"

"या," मी म्हटलं, म्हणजे हो. "हे तुम्ही किती वेळा सांगितलंत?"

तिनं काकांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. म्हणाली, "येडेस माल."

दर वेळी.

दर वेळी! ऑपरेशननंतर पहिल्यांदा आलो तेव्हा. नाताळाआधी आलो तेव्हा. दर वेळी ती बाई सांगत होती आणि दर वेळी हा माणूस माझ्या मायबोलीत मला म्हणत होता, खेळ. सुई तयार होती. मी वर केलेला पँटचा पाय खाली ओढला. "श्प्रित्से नको," म्हटलं, म्हणजे सुई नको, आणि पलंगावरून उतरलो.

बाहेर पडल्यावर काकांनी दंड धरला. "तमाशा कशाला केलास आत? तुझ्या भल्यासाठीच नाही सांगितलं. ऐकून हातपाय गाळले असतेस. आणि व्हिसा क्लबचा आहे, विसरू नकोस. मी शब्द दिलाय तिथं."

शब्द त्यांचा, गुडघा माझा. क्लबच्या कार्यकारिणीत पहिला भारतीय म्हणून त्यांचं नाव जायचं होतं, हे गावभर माहीत होतं. पण मला राग त्याचाही नव्हता. राग आला तो 'भल्यासाठी'चा. माझ्या आज्याच्या जमिनीचा खटला चालला तेव्हा कोर्टात काय बोलणं झालं ते त्याला गावातलाच एक शहाणा माणूस बाहेर येऊन सांगायचा. "सगळं ठीक आहे, तू घरी जा." आज्या त्याच्या पाया पडून घरी यायचा. जमीन गेली तेव्हाही सगळं ठीकच होतं. आम्हाला काय कळायला हवं हे नेहमी दुसऱ्यांनीच ठरवलं. तेही आमच्या भल्यासाठी.

त्या संध्याकाळी आईला फोन लावला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मरू दे ते हॉकी. तू पाय घेऊन ये घरी."

शनिवारी अध्यक्षांनी बोलावलं. खोलीत अध्यक्ष, ट्रेनर, खिडकीशी टोबियास. काका आधीच येऊन बसलेले. मी तोंड उघडायच्या आत ते उठले, कोटाचं बटण लावलं आणि जर्मनमध्ये सुरू झाले. आमचा मुलगा थोडा घाबरलाय, पण उद्या नक्की...

"तुम्ही बसा," मी मराठीत म्हटलं. "मला तोंड आहे."

बसले. तोंडाचा रंग उडाला त्यांच्या.

घाम फुटला होता मला. एकदा बोललं की खोली गेली, व्हिसा गेला, खेळ गेला, हे दिसत होतं समोर. तरी बोललो. व्याकरणाची पार वाट लावत बोललो. "गुडघा माझा. डॉक्टर म्हणते नको. मी उद्या कॉर्नरला धावणार नाही. इंजेक्शन घेणार नाही. टोबियासला दोन पाय आहेत. टोबियास धावेल."

टोबियास आपल्या बोटांकडं बघत होता. मग अध्यक्ष म्हणाले, "आल्झो." म्हणजे, तर मग. हे 'तर मग' काय ते मला पुढच्या महिन्यात कळलं, करार संपला तेव्हा.

तो अरुंद जिना मी शेवटचा उतरलो तेव्हा खाली माणसं होती. तरी आडवाच उतरलो. बघा म्हटलं, नीट बघा.

आता खडकीत आहे. पोरांना शिकवतो. गुडघा बरा झालेला नाही, होणारही नाही. थंडीत पाय सरळ होत नाही आणि मांडी तर कधीच सुटली. खेळ गेला त्याचं दुःख आहे. सेंटर हाफला उभा असल्याची स्वप्नं अजून पडतात, जाग येते आणि मी चडफडतो. माझ्या मैदानावर कॉर्नरला आधी धावायचं ते आळीपाळीनं. क्लबच्या सेक्रेटरीचा मुलगा असो नाही तर झाडूवालीचा, पाळी आली की धावायचं, आणि ज्याचा पाय दुखतोय त्यानं नाही म्हणायचं. पोराच्या पायाला काय झालंय ते मी आधी पोरालाच सांगतो. सगळं सांगतो. घाबरलं तर घाबरू दे.

काकांचा मध्यंतरी फोन आला होता, पुण्यात आलो आहे म्हणून. म्हणाले, "झालं गेलं विसर. भेट की एकदा, मी तुला परका का?"

मी म्हटलं, "माझ्या अंगाची गोष्ट मला अर्धी सांगणाऱ्या माणसाला, साहेब, मी काका म्हणत नाही." आणि फोन ठेवला.