जागा धर, मी आलोच

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे भिवंडीजवळच्या आमच्या दापोड्यात कुणालाही विचारा. मी गोदामात सुपरवायझर. दिवसभर काम एकच. कुठला ट्रेलर कुठल्या दाराला लागणार ते ठरवायचं, आणि नंबर मोडून कुणी मध्ये घुसला की त्याला खाली ओढायचं. एका ड्रायव्हरच्या केबिनची काच मी चाक खोलायच्या लोखंडी टॉमीने फोडली होती आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागलं होतं. खोटं कशाला बोलू?

तर बायपासजवळ नवीन मोठं दुकान उघडलं. कपडे, किराणा, भांडी, सगळं एका छताखाली. त्यांनी दाराजवळ चार पिवळे चौकोन रंगवले आणि पाटी लावली, ‘लहान मुलांसोबत आलेल्या पालकांसाठी’. खाली बाबागाडी ढकलणाऱ्या बाईचं चित्र. पहिले काही दिवस लोकांना वाटलं, इथं बाबागाड्याच लावायच्या असतील. मग कळलं, आणि कळल्यावर नाटकं सुरू झाली. वॉचमन वाकून गाडीत बघायचा, "बच्चा किधर है?" कुणी सांगायचं, आईबरोबर आत गेलाय. कुणी सांगायचं, मागून रिक्षानं येतोय. एकाने तर शेजारी बसलेल्या मिशीवाल्या भाच्याकडे बोट दाखवलं, "ह्यो काय, माझा पोरगाच हाय!" लोक हसले. मला हसू आलं नाही. माझी दोन पोरं खरीखुरी, पाच वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचा मुलगा. तो नियम माझ्यासाठीच केलाय आणि तो पाळला जातोय की नाही हे बघायचं कामही माझंच, असं मी धरून चाललो होतो.

आता आमच्याकडे जागा धरायची म्हणजे काय, तेही सांगतो. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. रेशनच्या रांगेत चप्पल ठेवायची. आणि रुमालाला कुणी जुमानत नसेल तर पोराला खिडकीतून आत ढकलायचं. माझ्या बापाने मला कितीदा तरी असं आत टाकलंय. मी सीटवर आडवा पडायचो, मोठी माणसं शिव्या घालायची, पण उठायचो नाही. मला त्यात मर्दुमकी वाटायची.

त्या रविवारी पोरीला शाळेचे बूट घ्यायचे होते. मागच्या सीटवर बायको, तिच्या मांडीवर बाळ, शेजारी पोर. ऊन मी म्हणत होतं, बाळ किंचाळत होतं. दुकानाच्या आवारात गाडी घालायला बोटभर जागा नाही. पिवळ्या चौकोनांतल्या गाड्यांमध्ये पोराचा मागमूस नव्हता, नुसते जाडे बाप्ये एसी लावून बसलेले. माझं डोकं सटकलं. इतक्यात चौथ्या चौकोनातली गाडी निघाली. पण तो पलीकडच्या रांगेत होता आणि मला अख्खा वळसा घालून यावं लागणार होतं.

मी ब्रेक मारला. पोरीला म्हटलं, "उतर. त्या पिवळ्या चौकोनात जाऊन उभी राहा. कोणीपण येऊ दे, हलायचं न्हाय. जागा धर, मी आलोच."

बायको म्हणाली, "अवो, तिला कशाला उतरवताय? गाड्या फिरतायत तिथं."

"तू गप बस!" मी एवढ्या जोरात ओरडलो की बाळसुद्धा गप झालं. पोर दार उघडून उतरली.

वळसा अर्धा झाला आणि मला दिसलं. एक पांढरी गाडी रिव्हर्समध्ये त्याच चौकोनात शिरत होती. तिच्या मागच्या काचेखाली माझी पोर. तिने दोन्ही हात पसरले होते, चौकोनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतील तेवढे. गाडी मागे येत होती आणि ती हलत नव्हती. बायकोने किंकाळी फोडली. मी हॉर्नवर हात दाबून धरला. भिवंडीत हॉर्न ऐकून कोण थांबतं?

धप्प आवाज झाला. वॉचमन धावत येऊन दोन्ही हातांनी डिकीवर बडवत होता, "रोको! बच्ची है, रोको!" गाडी थांबली. पोर खाली पडली होती. चाक अडवायला जो सिमेंटचा कट्टा असतो त्यावर हनुवटी आपटून फुटली होती आणि फ्रॉक पुढून लाल झाला होता.

मी गाडी मध्येच टाकली. सीटखालची टॉमी कधी हातात आली मला आठवत नाही. आधी पोरीकडे जायला हवं होतं. मी तिला ओलांडून पुढे गेलो. पहिल्या फटक्यात त्या गाडीची काच फुटली, दुसऱ्यात आरसा लोंबला. मग दार उघडून त्या माणसाला कॉलर धरून बाहेर खेचला आणि टॉमी फेकून हातानेच मारायला लागलो, कारण हाताने मारल्याशिवाय मला मारल्यासारखं वाटत नाही. तो तोंडावर हात घेऊन एकच म्हणत होता, "दिसली न्हाय भाई, आईशप्पथ दिसली न्हाय." त्याचा ओठ फाटला, माझ्या बोटात त्याचा दात घुसला. गर्दी जमली. काय झालं हे न विचारता कुणीतरी त्याच्या कमरेत लाथ घातली. मला बरं वाटलं. हेही खरं आहे.

वॉचमन मला मागून धरायला आला, "साहब, छोड़ो, मर जायेगा." मी वळून त्याच्या कानाखाली जाळ काढला. त्याची टोपी लांब जाऊन पडली. ज्याच्यामुळे माझी पोर जिवंत होती, त्या माणसाला मी मारलं.

तेवढ्यात पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडलं. बुरखा घातलेली एक बाई उतरली. हातात कपड्यात गुंडाळलेलं बाळ, फार तर पंधरा दिवसांचं. त्याच्या अंगावरचे काचेचे तुकडे ती एका बोटाने टिपत होती. म्हणजे त्या चौकोनावर त्यांचा माझ्याइतकाच हक्क होता. ती ओरडली नाही, रडलीही नाही.

"दादा, मारून झालं असंल तर येक सांगा," ती म्हणाली. "पोरीला तिथं उभी कोणी केली?"

लाथ घालणारा माझ्याकडे बघायला लागला. वॉचमन टोपी झटकत म्हणाला, "यही खड़ा करके गये थे. मैंने देखा."

सगळं आवार माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी काय बोलावं? मी म्हणालो, "पहिला नंबर माझा होता." आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी वळून बघतो तर बायको दोन्ही पोरांना घेऊन रिक्षात बसली होती. मला हाकही मारली नव्हती. मी धावत जाऊन ड्रायव्हरशेजारी बसलो. रस्ताभर तिने पदर पोरीच्या हनुवटीवर दाबून धरला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चार टाके पडतील, बाकी कुठं लागलेलं नाही. बायको बाळाला थोपटत उभी राहिली. मी पोरीचे पाय धरले. सुई दिसू नये म्हणून बाई तिच्याशी गोड गोड बोलत होत्या. शाळेचं नाव काय, डब्यात काय आवडतं. बोलता बोलता म्हणाल्या, "आणि काय गं सोन्या, गाडी मागे येताना दिसली ना तुला? मग पळायचं ना बाजूला?"

पोरीने आधी माझ्याकडे बघितलं. मग बाईंना हळूच सांगितलं, "पळाले असते तर पप्पांनी मारलं असतं."

बाईंचा हात थांबला. त्यांनी माझी सुजलेली बोटं बघितली, शर्टावरचं रक्त बघितलं. ते रक्त पोरीचं नव्हतं.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, पोर म्हणेल, पप्पांना राहू दे. ती काही म्हणाली नाही. मी तिचे पाय सोडले, बाहेर आलो, बायकोने आतून दार लोटलं. आणि दार लागल्या लागल्या माझी पोर मोठ्याने रडायला लागली. गाडीने पाडलं तेव्हा नाही, रिक्षात नाही, मी पाय धरून बसलो होतो तेव्हाही नाही. मी बाहेर गेलो तेव्हा ती रडली.