नाताळचं भरीत आणि पाण्याचा बंब

आमच्या चर्चच्या नाताळच्या उपासनेला एका वर्षी अग्निशमन दलाचा बंब हजर होता, आणि त्याला बोलावणं मीच केलं होतं.

तसं आमचं कुटुंब गावाला नवीन नव्हतं. वडील हाकोन आणि आई सोल्व्हेग, दोघंही नॉर्वेचे. लग्न झाल्यावर मिशनचं काम करायला म्हणून शिंदखेड्याजवळच्या या गावात आले आणि इथलेच होऊन गेले. वडील मंडळीचे पाळक, आई नर्स. चर्चला लागूनच तिचा छोटा दवाखाना. गावाने पहिल्याच आठवड्यात दोघांची नावं दुरुस्त करून घेतली. वडील झाले पाद्रीनाना आणि सोल्व्हेगची झाली सुलभाअक्का. मी धुळ्याला जन्मले. माझं नाव सिरी, त्याचं 'शिरी' झालं. (शिरा व्हायचं थोडक्यात टळलं.)

वडील मराठी शिकले ते पवित्र शास्त्रातून. त्यामुळे ते एस.टी.त चढले की म्हणत, "बंधो, मला खचित धुळ्यास जावयाचे आहे." कंडक्टर आपोआप सरळ उभा राहून तिकीट फाडायचा. आई शिकली ती पेशंटांकडून. तिला कळा, मळमळ, मुरडा, ठणका सगळं अस्सल अहिराणीत यायचं, पण कुणाच्या बारशाला गेली की आनंद झाला म्हणायला शब्द सापडायचा नाही. राहता राहिले मी. निवासी शाळा, मग पुण्याचं कॉलेज, आणि सुटीत गाव. घरातली दुभाषी मीच. माझी अहिराणी सुटीपुरती होती, आत्मविश्वास मात्र बारमाही.

डिसेंबर लागला की आमच्याकडे भरताचे दिवस येतात. शेताशेतात पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या काड्या, पेटवायच्या. त्यावर मोठी वांगी भाजायची, साली काढायच्या, लाकडी बडगीत ठेचायची आणि कांद्याची पात, मिरच्या, शेंगदाणे घालून फोडणी द्यायची. दरवर्षी गावात जिथे जिथे भरीत व्हायचं तिथे तिथे आम्हाला बोलावणं असायचं, आणि आम्ही एकही चुकवत नसू. आम्ही उलट कुणाला बोलावलंय, असं मात्र कधी झालं नव्हतं.

त्या वर्षी मी सुटीवर आले, आणि किराणा दुकानासमोर सखुअक्काने मला गाठलं. सखुअक्का आमची शेजारीण. भरताच्या बाबतीत तिचा शब्द गावात शेवटचा. सोबत दहाबारा बायका होत्या.

"शिरी," ती म्हणाली, "दर साल तुम्हीन आम्हनं भरीत खातस. तुम्हनं भरीत आम्हले कव्हय?"

बायका हसल्या. माझे कान गरम झाले. मी म्हटलं, "नाताळले या. मी बठ्ठासले बलावस."

"बठ्ठासले?"

"हा, बठ्ठासले."

माझ्या मनात 'बठ्ठासले' म्हणजे तिथे उभ्या असलेल्या दहाबारा जणींना. सखुअक्काच्या मनात, आणि अहिराणी भाषेच्याही मनात, बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना. संध्याकाळपर्यंत गिरणीवाला मला विचारून गेला की मुलांनाही आणू का. बांगड्यांच्या दुकानातले करीमचाचा म्हणाले, "बेटी, आम्हीपण येऊ ना? वांग्याला कसली जात न् कसलं काय." दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीवरून एक आबा चालत आले, फक्त वेळ विचारायला.

रात्रीच्या जेवणाला मी आईवडिलांना सांगितलं. वडिलांनी डोळे मिटले आणि शांतपणे म्हणाले, "प्रभूने पाच भाकरी आणि दोन मासे यांवर पाच हजारांना जेवू घातलं."

"तो प्रभू होता," आई म्हणाली. "तू हाकोन आहेस."

पण वडील खरंच खूश झाले होते. इतकी वर्षं या गावाने त्यांना जेवू घातलं होतं. दुखण्याखुपण्यात लोक दवाखान्यात यायचे, चर्चच्या पायरीवर गप्पा मारायचे, पण नाताळला आत बसायला मंडळीतल्या मोजक्या घरांशिवाय कुणी नसायचं. 'आपल्या सणाला आपलं गाव,' एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी तिथल्या तिथे एक नियमही करून टाकला. पाहुण्यांनी पाहुण्यासारखं यायचं, कुणाला काम सांगायचं नाही. सखुअक्का स्वतःहून विचारायला आली, "नाना, मी येऊ का भाजाले?" तर वडील हात जोडून म्हणाले, "भगिनी, आपण केवळ भोजनास यावे." ती माझ्याकडे बघत राहिली. मी भाषांतर केलं. ती म्हणाली, "समजनं मले. म्हणीसनच काळजी वाटस."

आईने आठवडाभर लेफ्से लाटल्या. लेफ्से म्हणजे नॉर्वेची बटाट्याची मऊ, पातळ पोळी. तिच्या मते भरतासोबत लागते ती कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आपल्याला जमणार नाही, तेव्हा जमतं ते करावं. वडील जीप घेऊन जळगावच्या पलीकडे बामणोदला गेले आणि भरताची मोठी, हिरवीगार वांगी घेऊन आले. जीपमध्ये वडिलांखेरीज सगळीकडे वांगी होती. पुढच्या सीटवर एक पोतं पट्टा लावून बसवलं होतं.

पऱ्हाटी मात्र ओली मिळाली. ज्या शेतातून आणली त्यात पाटाचं पाणी शिरलं होतं. मी तसं म्हटल्यावर वडिलांचा चेहरा उजळला.

"ओली आहे म्हणजे सावकाश जळेल. उपासनेच्या आधी पेटवू. माझा उपदेश संपेपर्यंत वांगी भाजून तयार."

"तुझा उपदेश संपेपर्यंत," आई म्हणाली, "त्या काड्यांना पुन्हा कापूस येईल."

गावात लोक लहान लहान ढीग करतात आणि वांगी सारखी फिरवत राहतात. वडिलांनी चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत एकच ढीग रचला. घराएवढा म्हणणार नाही, पण जीपपेक्षा नक्की उंच होता. त्यात थरांवर थर वांगी. नाताळच्या सकाळी त्यांनी प्रार्थना केली, ढीग पेटवला, पांढरा झगा घातला आणि उपासनेला उभे राहिले.

मंडळीचे पंच यशवंतभाऊ यांनी ढोलकीवर ताल धरला, दोन गीतं झाली, उपदेश सुरू झाला. विषय होता मेंढपाळांभोवती पसरलेलं तेज. लक्ष ठेवायला म्हणून मी मागच्या खिडकीशी बसले होते. थोड्या वेळाने खिडकीतून दिसणारं लिंबाचं झाड गेलं. मग दवाखाना गेला. मग खिडकीच दिसेना.

धूर खिडकीतून आत आला तो बुटक्या ढगासारखा, लोकांच्या गुडघ्यांवरून. आमची मंडळी फार सभ्य. कुणी उठलं नाही. यशवंतभाऊंनी उपरणं नाकाला लावलं आणि मान डोलवत राहिले. वडील म्हणत होते, "आणि पाहा, ते अतिशय भ्याले." मंडळी खोकली. वडिलांना वाटलं, उपदेश लागू पडतोय. त्यांनी आवाज चढवला.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन थरथरला. दवाखान्याच्या पाटीवर जो नंबर रंगवलाय तो फोन त्या दिवशी माझ्याकडे होता. मी हळूच बाहेरच्या पायरीवर आले.

"ताई, सुलभाअक्कांचा नंबर ना हा? चर्चवाल्या?" एक अनोळखी आवाज. "तुमच्याकडेच आहे ना?"

"हो, आमच्याकडेच."

"आम्ही निघालोय. कुठल्या बाजूला यायचं?"

"चर्चच्या मागे, मोकळ्या जागेत."

"कितपत आहे?"

"काळजीच करू नका," मी म्हटलं. "सगळ्या गावाला पुरेल."

मग पलीकडून जरा गंभीर आवाजात, "माणसं जास्त आणू का?"

"आणा की. जेवढी असतील तेवढी आणा."

"आणि पाणी?"

"पाणी आणलंत तर फार बरं होईल. आमच्याकडे जरा कमीच आहे."

"लगेच येतो. धीर सोडू नका, ताई."

काय समजूतदार पाहुणा आहे, असं मला वाटलं. सोबत पाणी घेऊन जेवायला येणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. (पुढे कळलं ते असं, की रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी धूर बघून तालुक्याला फोन केला होता, आणि ते बिचारे फक्त खात्री करून घेत होते.)

मी आत वळणार इतक्यात गाव आलं. गावातून बघणाऱ्याला चर्च दिसतच नव्हतं, नुसता धुराचा डोंगर, आणि आतून येणारा वडिलांचा मोठ्ठा आवाज. लोक बादल्या, कळश्या, हंडे घेऊन धावत सुटले होते. करीमचाचा पुढे, गिरणीवाला त्यांच्या मागे, पिठाच्या अंगानेच. सगळे धाडधाड दारातून आत शिरले.

वडिलांनी उपदेश थांबवला. इतक्या वर्षांत त्यांनी असं दृश्य पाहिलं नव्हतं. अख्खं गाव धावत चर्चमध्ये येत होतं. त्यांचे डोळे भरून आले. (डोळे सगळ्यांचेच भरून आले होते, पण कारण वेगळं होतं.)

"या, बंधुजनहो, या," ते हात पसरून म्हणाले. "पुढे जागा आहे."

"नाना, भाईर चाला," कुणीतरी ओरडलं. आणि गावाने चर्च रिकामं करायला घेतलं. म्हातारी माणसं उचलली, पेटी उचलली, वेदीवरची फुलं उचलली. दोघांनी वडिलांना खांद्याला धरून उचललं, तेव्हा ते अजून "पुढे जागा आहे" हेच सांगत होते.

मागच्या अंगणात पोचल्यावर सखुअक्काने डोक्यावरचा हंडा खाली ठेवला, नाक वर केलं आणि एक दीर्घ श्वास घेतला.

"थांबा," ती म्हणाली. "हाई आग नही. हाई भरीत शे."

सगळे थांबले. थांबला नाही तो फक्त बंब. तो घंटा वाजवत फाटकातून आत आला, जवानांनी उड्या मारल्या, नळी उलगडली. आता मात्र मला फोनवरचा आवाज आठवला. मी धावत जाऊन ढिगासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"पाणी मारू नका. जेवण आहे ते."

"ताई, बाजूला व्हा. तुम्हीच बोलावलंत ना?"

"जेवायला बोलावलं होतं."

त्यांच्या प्रमुखांनी नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हात वर करून नळी थांबवली, पण तोवर पहिली फवारणी होऊन गेली होती. ढीग वाचला, कारण मध्ये मी होते.

धूर जरा विरल्यावर वडिलांनी काठीने एक वांगं बाहेर काढलं. वरून काळं, आतून कच्चं. दुसरंही तसंच. तिसरंही. अंगणात सगळं गाव उभं होतं, सणाचे कपडे घातलेलं आणि आता भिजलेलंही. आई पायरीवर बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. ती साडी फक्त सणाला नेसायची. एवढ्या वर्षांनी एकदा गावाला जेवायला बोलावलं, आणि हातात कच्चं वांगं. मला ओली असूनही घाम फुटला.

वडिलांनी हातातली काठी खाली ठेवली. मग वर बघून, गावाशी बोलताना पहिल्यांदाच शास्त्र बाजूला ठेवून, साधं म्हणाले, "आम्हाला जमलं नाही. मदत करा."

"मंग इतला येळ काबर नही बोलनात?" सखुअक्का म्हणाली, आणि तिने पदर खोचला.

पुढचं सगळं इतक्या भराभर झालं की मला नीट सांगताही येणार नाही. घराघरातून वाळकी पऱ्हाटी आली, बडग्या आल्या, तेल आलं, मिरच्या आल्या. अंगणभर लहान लहान विस्तव पेटले. प्रत्येकाभोवती पाचसहा माणसं आणि प्रत्येकाचं भाजण्याबद्दल वेगळं मत. बंबाचे जवान जायला तयार नव्हते. एवढ्या ठिकाणी जाळ पेटलेला सोडून जाणं ड्यूटीत बसत नाही, असं प्रमुख म्हणाले आणि कांद्याची पात चिरायला बसले. बंबातलं पाणी हात धुवायला झालं. आईला उठवून बायकांनी मध्ये बसवलं आणि तिच्या लेफ्से उलटसुलट करून पाहिल्या.

"अक्का, हाई पोळी का भाकर?"

"नॉर्वेची," आई म्हणाली.

"चव दखूत मंग."

आधी ओल्या धुरात तास दीड तास मुरलेली आणि मग कोरड्या जाळावर भाजलेली ती वांगी. तसं भरीत गावात त्याआधी कुणी खाल्लं नव्हतं. सखुअक्काने पहिला घास लेफ्सेबरोबर घेतला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने सावकाश चावलं, गिळलं, आणि पुन्हा हात पुढे केला. एवढं पुरे होतं. लोक दोनदा, तीनदा वाढून घेत होते. लेफ्सेचा तुकडा उरला नाही. वडिलांनी हे सगळं पाहिलं, आणि तोंडात घास असल्यामुळे कुणालाच उठून जाता येत नाही हेही पाहिलं. उरलेला उपदेश त्यांनी तिथेच पूर्ण केला. शेवटचं गीत यशवंतभाऊंनी धरलं तेव्हा ताल द्यायला बंबाचे जवान होते, रिकाम्या हंड्यांवर.

तेव्हापासून नाताळचं भरीत सगळं गाव मिळून करतं. पहिला ढीग मुद्दाम ओल्या पऱ्हाटीचा लावतात, आणि तालुक्याला आधी कळवून ठेवतात.

त्या दिवशी निघताना सखुअक्का माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली होती, "शिरी, तू बोलनी म्हणीसन बठ्ठा गाव जेवना." मला ती शाबासकी वाटली आणि मी ती बरीच वर्षं जपली. मग एकदा शिंदखेड्याच्या स्टँडवर दोन अनोळखी माणसं भांडत होती. एकाने धुळ्याला जा म्हणून सांगितलं होतं आणि दुसरा दोंडाईच्याला जाऊन आला होता. शेवटी वैतागून तो म्हणाला, "नीट सांग ना भाऊ, शिरीनी अहिराणी नको बोलू."

दोघंही मला ओळखत नव्हते. ही शिरी कोण म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, व्हती एक पाद्रीनी पोर, तिले काय विचारा नि ती काय सांगे. मी मान डोलावली आणि जळगावची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी शाळा होती, आणि माझे तास चुकवून चालत नाहीत.

मी तिथे भाषा शिकवते.