पाणी किती आहे?

माझा भाऊ पेतेलो सव्वीस वर्षं रस्त्याचा मुकादम होता. आमच्या सामोआत रस्ते फार नाहीत. बेटाला वेढा घालून जाणारा एक, आणि त्याला फुटलेले चार फाटे. त्यातला दक्षिण किनाऱ्याचा बावीस किलोमीटरचा तुकडा त्याच्या ताब्यात. हाताखाली पाच माणसं, एक खटारा ट्रक, आणि पहारी, फावडी, घमेली. एवढ्यावर तो मिजास अशी करायचा की जणू रस्ता आमच्या बापानं त्याच्या नावावर करून ठेवलाय.

खड्ड्यांना त्यानं नावं ठेवली होती. एकाचं नाव ‘पाद्री’, कारण पाद्रीबाबांच्या मोटारीचा आस त्यात मोडला. एक ‘सासू’. कितीही भरा, पुन्हा तोंड उघडतेच. गटारात लोळणाऱ्या डुकरांशी आणि डुकरांच्या मालकांशी त्याची रोजची भांडणं. आमच्या बायका घरापुढे पांढरे रंगवलेले दगड मांडतात, फुलझाडं लावतात, आणि दरवर्षी दगड वीतभर पुढे सरकवतात. पेतेलो रस्त्यात उभा राहून ओरडायचा, “अगं बायांनो, मोटारी काय तुमच्या अंगणातून नेऊ?” तर बायका म्हणायच्या, “ने की, जाताना चहा पिऊन जा!” मीही दगड सरकवलेत. बहीण म्हणून सवलत नव्हती. माझे दगड त्यानं एकदा ट्रकमध्ये घालून नेले मेल्यानं.

एवढं सांगितलं म्हणजे माणूस कसा होता ते कळलं असेल. आळशी नव्हता, कामचुकार तर नव्हताच. म्हणूनच जे झालं ते त्याला पचलं नाही.

आमच्या गावापुढे नदी आहे. तिच्यावर पूल नाही, फरशी आहे. काँक्रीटची फरशी नदीच्या तळाला टाकलेली, पाणी तिच्यावरून वाहतं आणि मोटारी पाण्यातून जातात. काठाला एक खांब. त्याच्यावर पांढरे पट्टे आणि मधे एक लाल रेघ. पाणी रेघेच्या खाली असलं तर जा, वर असलं तर उतरून काठावर बस आणि देवाचं नाव घे. डोंगरात पाऊस पडला की ही नदी तासाभरात चढते आणि दुपारपर्यंत उतरतेही. त्यामुळे नदीकडे कुणी बघत नाही, खांबाकडे बघतात.

तो खांब एका पुरात ओंडका आदळून मोडला. नवा खांब आला आणि शनिवारी संध्याकाळी पेतेलो तो बसवायला गेला. खड्डा खणता खणता खाली दगड लागला. पहार आपटली, घण घातले, दगड हलेना. खांब जेवढा आत जायला हवा तेवढा गेला नाही, दोन विती वर राहिला. म्हणजे लाल रेघही दोन विती वर. आणि तेवढ्यात गावात शंख वाजला.

संध्याकाळचा शंख वाजला की प्रार्थनेची वेळ. हातातलं काम हातात राहतं. रस्त्यावर गावची माणसं काठ्या घेऊन उभी राहतात, चालत्या मोटारीसुद्धा थांबवतात. मग मुकादमानं घण आपटत बसायचं? दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी आमच्याकडे कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. पेतेलोनं खांबाच्या बुडाशी चार धोंडे रचले, म्हणाला, सोमवारी मोठा घण आणून दगड फोडू. हवा कोरडी होती. एक लाल फडकं बांधायला हवं होतं. नाही बांधलं.

रविवारी रात्री डोंगरात पाऊस झाला. सोमवारी सकाळी आमच्या गावातला पोरगा आलापाती आपली पिकअप घेऊन निघाला. नदीपलीकडच्या गावातल्या लेपेका मास्तरीणबाई शनिवार-रविवार आमच्याकडे बहिणीच्या घरी आल्या होत्या, त्यांना तो शाळेत पोचवणार होता. फेतू म्हातारी काठावर बसची वाट बघत होती. तिनं सगळं बघितलं. आलापाती थांबला. गाडीतून खाली उतरला. खांबाजवळ गेला, वाकून बघितलं. गाडीतून मास्तरीणबाईंनी विचारलं, “पाणी किती आहे?” तो म्हणाला, “रेघेच्या खाली आहे.” आणि गाडी घातली.

दोघंही नदीच्या मुखाशी सापडले.

मी त्या सकाळी नीरफणस भाजत होते. पेतेलो आला, उंबऱ्यातच बसला. तोंडाला रंग नव्हता. सगळं सांगितलं त्यानं, दगडापासून शंखापर्यंत. म्हणाला, “ताई, मी पोलिसात जातो.”

आता मी काय केलं ते ऐका, कारण हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. मी म्हटलं, “गप्प बस. दुपारी पाणी उतरेल. तपासाची माणसं उद्या येतील. त्याच्या आत जा, दगड फोड आणि खांब नीट बसव. नोकरी जाईल, घराचं नाव जाईल, पोरं रस्त्यावर येतील. मेलेले काही परत येत नाहीत. गप्प बस.”

आमच्यात भाऊ बहिणीचा शब्द मोडत नाही. तो गेला. दगड फुटला. खांब अगदी हवा तेवढाच आत गेला. मंगळवारी साहेब लोक आले, फरशीपासून रेघेपर्यंत टेप लावला, म्हणाले, खांब बरोबर आहे, चूक ड्रायव्हरची.

मग काय, गावाला तोंड असतंच. आलापाती झोपेत होता. आलापातीची रात्रीची प्यायलेली उतरली नव्हती. पोरांनी गाणं केलं, “आलापातीला रेघ दिसेना.” त्याची आई सुलामी एकच गोष्ट सांगत फिरायची, “माझा पोरगा उतरून, बघून गेला हो. फेतूला विचारा.” फेतू म्हणायची, बघितलं खरं, पण बघून काय उपयोग, दिसलं नसेल.

तिसऱ्या दिवशी पहाटे सुलामी आणि तिचे भाऊ नदीपलीकडे लेपेकाबाईंच्या घरापुढे जाऊन बसले. आपल्या माणसाच्या हातून कुणाचा जीव गेला की असंच जातात. माना खाली घालून जमिनीवर बसायचं, डोक्यावरून घरातली सगळ्यात चांगली बारीक चटई ओढून घ्यायची, आणि वाट बघायची. समोरच्यांनी येऊन चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर काहीही होऊ शकतं. त्यांची चटई उचलली गेली. पेतेलो त्या वेळी रस्त्यावर मोरी साफ करत होता. स्वतःचा पोरगा पुरायचा बाकी असलेली बाई त्या पोराच्या नावाची माफी मागताना त्यानं बघितली, आणि मोरीतला गाळ काढत राहिला.

त्यानंतर सुलामी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसली नाही.

पाऊस पडायला लागला की पेतेलो फरशीवर जायला लागला. आधी वाटलं, काम आहे. मग लोक सांगायला लागले, तुझा भाऊ तिथे एकटाच बोलतो. मी एकदा मागोमाग गेले. संध्याकाळ होती, बारीक पाऊस. तो खांबाजवळ काठी घेऊन उभा, पाण्यात काठी बुडवून बघतोय आणि मोठ्यानं म्हणतोय, “रेघेच्या वर आहे! वर आहे, बाई, नका येऊ!” रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

“कुणाशी बोलतोस रे?” मी विचारलं.

“ती विचारते, ताई. पाणी किती आहे म्हणून. मी सांगतो, पण ऐकतच नाही. परत विचारते.”

“वेडा झालायस. चल घरी.”

घरीही तेच. जेवताना तारोच्या कंदाचा घास हातात धरून थांबायचा, कान द्यायचा. बायको रडायची. गावातले टवाळ त्याला ‘नदीचा जावई’ म्हणायला लागले. भूतखेत आम्हाला नवीन नाही, त्याला काय करायचं ते म्हाताऱ्यांना माहीत असतं. पण म्हाताऱ्यांना विचारायचं तर आधी खरं सांगायला हवं. पेतेलो वाळत गेला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ‘सासू’ खड्डा महिनाभर उघडा राहिला.

आठ महिन्यांनी तो माझ्याकडे आला. “ताई, तुझी ती चटई दे.”

ती चटई मी तीन वर्षं विणत होते. दोऱ्याएवढ्या बारीक पात्यांची, हातात घेतली तर घडी कळायची नाही. माझ्या मुलीच्या लग्नाची होती. मी म्हटलं, “मेल्या, आता? आठ महिन्यांनी? घराण्याचा प्रमुख म्हणून काकाला, आपल्या मताईला तरी विचारलंस का?”

“विचारलं. काका म्हणतो, तपासात तुझ्यावर काही आलं नाही, घराण्याला खाली बसवू नकोस. कुणी येणार नाही. मी एकटाच बसणार.”

“एकट्यानं कुणी बसतं का? लोक हसतील.”

“हसू देत. सुलामीमावशी रोज माझ्या रस्त्यावरून मान खाली घालून जाते. मला तो रस्ता नीट करता येत नाहीये, ताई.”

मी खूप बोलले, वाट्टेल ते बोलले. मग पेटी उघडली आणि चटई दिली.

पहाटे आम्ही दोघं गेलो. सुलामीच्या घरापुढच्या खडीवर तो मांडी घालून बसला, मान खाली. चटई मी माझ्या हातानं त्याच्या डोक्यावरून घातली. आणि मी रस्ता ओलांडून समोरच्या झाडाखाली जाऊन उभी राहिले.

उजाडलं. सुलामी उठली, तिनं बघितलं. चुलीवर कोको केला, प्यायली. मग झाडू घेतला आणि अंगण झाडलं. त्याच्या चारी बाजूंनी झाडलं, पान न् पान गोळा केलं, चटईला झाडू लागू दिला नाही. बस गेली. बसमधल्या सगळ्या माना वळल्या. ऊन चढलं. मग एक सर येऊन गेली, चटई भिजून त्याच्या अंगाला चिकटली, तो थरथरताना दिसत होता. मला वाटलं धावत जावं. गेले नाही.

दहाच्या सुमाराला सुलामी त्याच्यापुढे येऊन बसली. चटई उचलली नाही. म्हणाली, “कशासाठी बसलायस?”

चटईखालून त्यानं सांगितलं. दगड, दोन विती, शंख, रविवार, न बांधलेलं फडकं. मग त्यानं सोमवारची दुपार सांगितली.

“म्हणजे माझ्या पोरानं बरोबर बघितलं होतं,” सुलामी म्हणाली.

“बरोबर बघितलं होतं, मावशी.”

मग म्हणाली, “खांब गुपचूप खाली घालायची अक्कल तुझी, की कुणी दिली?”

मी दहा पावलांवर होते. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

चटईखालून आवाज आला, “माझीच.”

मी तोंड उघडलं नाही.

सुलामीनं चटई उचलली. फाडकन त्याच्या एक थोबाडीत दिली, आणि मग त्याच हातानं त्याचं डोकं छातीशी धरून अशी रडली की शेजारपाजारचे धावत आले. डोळे पुसून म्हणाली, “ऊठ. आता हेच जसंच्या तसं लेपेकाच्या दारात बोलायचं. मी येते तुझ्याबरोबर.”

निघण्याआधी तिनं चटईची घडी घातली. मला वाटलं, ती घरात ठेवेल, तिचा हक्कच होता. ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली आणि चटई माझ्या हातात दिली. “ठेव,” म्हणाली. “तुला लागेल.” एवढंच बोलली आणि त्याला घेऊन नदीकडे गेली.

पुढच्या रविवारी पाद्रीबाबांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर आलापातीचं नाव घेऊन सांगितलं, पोराची चूक नव्हती. गाणं बंद झालं. सुलामी पुढच्या बाकावर बसते आता. पेतेलोची नोकरी गेली. तारो लावतो, दोन वेळा पोटभर जेवतो, सुटलाय चांगला. फरशीवर नवा मुकादम आहे. पाऊस आला तरी पेतेलो कूस बदलून झोपतो.

मला झोप लागत नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वाळत घातलेले कपडे काढत होते. वाटलं, रस्त्यावरून कुणी विचारतंय. बाईचा आवाज, घाईतला, शाळेला उशीर झाल्यासारखा. “पाणी किती आहे?” पेतेलोला एवढंच ऐकू यायचं. मला पुढचंही येतं. पोरगा उतरतो, दार लावल्याचा आवाज होतो, खडीवर त्याची पावलं वाजतात. तो वाकतो. आणि म्हणतो, “रेघेच्या खाली आहे.” मी ओरडते, पण गाडी सुरू होते.

गेल्या आठवड्यात मी पेतेलोकडे गेले. म्हटलं, “चटई पेटीत आहे. मी सुलामीकडे बसते. डोक्यावर घालायला कुणीतरी लागतं, तू ये.”

त्यानं माझे हात धरले. भाऊच तो, बहिणीला खाली बसलेली कशी बघेल? प्रेमानं म्हणाला, “कशाला, ताई? झालं ते झालं. मेलेले काही परत येत नाहीत. तू गप्प बस.”

आज सकाळपासून डोंगरावर ढग आहेत. मी चटई उन्हात घालून घेतलीय, घडी करून उंबऱ्याशी ठेवलीय. उद्या पहाटे जाईन. एकटीलाच ती डोक्यावरून ओढून घेता येते की नाही, ते मघाशी दार लावून करून बघितलं. येते.